शेवटच्या बाकावरची हाळी

सातवीच्या वर्गानं मला पहिल्या दिवशी ‘नमस्ते बाई’ म्हटलं आणि माझ्या हातातला खडू खाली पडला. एकतीस पोरांनी एका दमात म्हटलेलं ते नमस्ते शाळेसमोरच्या पिंपळावरच्या कावळ्यांनीही ऐकलं असावं, कारण सगळे एकदम उडाले.

आता मी काही नाजूक कानाची बाई नव्हे. मी कोल्हापूरच्या पेठेतली. आमच्या घरात कुणी जेवताना मीठ मागितलं तरी शेजारच्या काकू ‘काय झालं हो?’ म्हणून डोकावायच्या. पण बिद्रीच्या अलीकडच्या त्या गावातल्या पोरांपुढं आमची सगळी पेठ मुकी म्हणावी लागली असती. ‘बाई, पाणी पिऊन येऊ?’ हे एवढंसं वाक्य पोरगं असं म्हणायचं की वाटावं, याचं घर पेटलंय.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी रुजू झाले. नेमणूक एप्रिलअखेरपर्यंतची, पुढं वाढली तर वाढली. घरी वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, “नोकरी टिकली तर लग्नाचा विषय मी काढणार नाही. नाही टिकली, तर मी सांगेन त्या पाव्हण्यांसमोर पोह्यांची बशी घेऊन यायचं.” पाव्हणे त्यांनी हेरूनच ठेवले होते. गडहिंग्लजला त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि मुलगा म्हणे फार शांत होता. मला शांत माणसांची भीती वाटते. तेव्हा मी रोज पहाटे उठून एस. टी. पकडत होते ती त्या पोह्यांच्या बशीला भिऊन, हे कबूल करते.

राग तर माझ्या नाकाच्या शेंड्यावर. दुसऱ्याच आठवड्यात मी भूगोलाचा एक प्रश्न विचारला आणि शेवटच्या बाकावरच्या पोरीनं उत्तर दिलं. उत्तर अगदी बरोबर होतं. पण आवाज! खिडकीचं तावदान थरथरलं. मी दचकले आणि दचकल्याचा राग तिच्यावर काढला. “अगं, हा गळा आहे का कारखान्याचा भोंगा?”

वर्ग खो खो हसला. मीही हसले. त्या दिवसापासून पोरीचं नाव पडलं भोंगा, आणि तिनं तोंड जे मिटलं ते मिटलंच. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, एक आवाज कमी झाला.

मग एकदा संध्याकाळची एस. टी. चुकली आणि मी फाट्यापर्यंत बांधाबांधानं चालत निघाले. उसाच्या पलीकडं ती पोरगी सरीच्या टोकाला उभी होती. तिचा बाप खाली नदीकाठी मोटारीजवळ, इथून दिसतही नव्हता. सरीतनं पाणी तिच्या पायाशी आलं तशी तिनं दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले आणि हाळी दिली, “पाणी पोचलंऽऽ, बंद कराऽऽ!” आणि खरंच, लांब कुठंतरी धडधडणारी मोटार बंद पडली. हात्तिच्या! म्हणजे या पोरांना हळू बोलून चालतंय कुठं? हळू बोलतील तर रान वाहून जाईल. मला कळलं, पण वळलं नाही. त्या पोरीशी एक चांगला शब्द बोलावा, एवढंही मला सुचलं नाही.

फाल्गुनात तपासणी आली. तपासणीच्या साहेबांना गावात अजून जुन्या काळासारखं ‘दिपोटी’च म्हणत. हेडमास्तरांनी मला बोलावलं. तपकिरीची चिमूट नाकाशी नेत म्हणाले, “बाई, दिपोटी नवे आहेत, कडक आहेत. शेरा चांगला आला तर तुमच्या ऑर्डरीसाठी मी वर लिहितो. पण तुमचा वर्ग म्हणजे आठवड्याचा बाजार! तेवढं बघा बुवा.”

माझी पाचावर धारण बसली. मी पंधरा दिवस पोरांना फक्त हळू बोलायला शिकवलं. गणित राहिलं बाजूला. ‘कौलातली चिमणी उडता कामा नये, इतकंच मोठ्यानं बोलायचं,’ असा नियम केला. तरी जमेना, तेव्हा शेवटी वैतागून खरं ते बोलून गेले, “तुम्ही ओरडलात तर माझी नोकरी जाईल!”

पुढच्या बाकावरच्या एका आगाऊ पोरानं विचारलं, “मग काय करशिला बाई?”

“लग्न करीन, आणखी काय?”

वर्ग गंभीर झाला. “नगं बाई,” तो म्हणाला, “आम्ही गप बसतो.” आणि एकतीस जणांनी गळ्याला चिमटा धरून शपथ घेतली. शेवटच्या बाकावरच्या पोरीनंही घेतली. तिला शपथेची गरजच नव्हती.

दिपोटी आले. भरघोस मिशा, बंद गळ्याचा कोट, मान जराशी वाकडी. पोरं उभी राहिली आणि म्हणाली, “नमस्ते.” इतकं हळू, की माझं मलाच कौतुक वाटलं. साहेबांनी मात्र नमस्ते घेतलं नाही. भारीच तोऱ्यात दिसतात, असं मी मनात म्हटलं.

त्यांनी पहिल्या बाकाला प्रश्न विचारला. पोरगं पुटपुटलं. “काय?” साहेब म्हणाले. पोरगं घाबरलं आणि आणखी हळू बोललं. “काय?” दुसऱ्याला विचारलं, तिसरीला विचारलं. सगळ्यांची उत्तरं बरोबर होती हो! मी शेजारी उभी राहून ऐकत होते. पण साहेबांच्या कपाळावरची आठी काही हलेना. मला वाटलं, पोरांचा आवाज अजून मोठाच होतोय. मी साहेबांच्या पाठीमागून पोरांना हातानं खुणा करत होते, हळू, अजून हळू! करायला गेले गणपती आणि होत होता मारुती, पण मला काय ठाऊक?

“यांना काहीच येत नाही का?” साहेब हेडमास्तरांना म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहू लागले. हेडमास्तरांनी एका वेळी दोन चिमटी तपकीर ओढली. माझ्या डोळ्यांपुढं गडहिंग्लजची भांडी चमकायला लागली.

“शेवटचा प्रश्न,” साहेब सगळ्या वर्गाला म्हणाले. “पंचगंगा कोणकोणत्या नद्यांची मिळून होते?”

तीस तोंडं नुसती हलली. साहेबांनी वही मिटायला घेतली. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची पोरगी उभी राहिली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं. तिनं ते नीट बघितलं, आणि तरीही दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले.

“कासारीऽऽ, कुंभीऽऽ, तुळशीऽऽ, भोगावतीऽऽ! आन सरस्वतीऽऽ, पर ती दिसत न्हायऽऽ!”

पिंपळावरचे कावळे उडाले. हेडमास्तरांची डबी खाली पडली. मी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं!

“शाब्बास!”

डोळे उघडून बघते तर साहेबांचा चेहरा फुललेला. “वा रे पोरी! याला म्हणतात उत्तर! आणखी कुणाला येतं?” आता पोरांना कोण आवरणार? पंधरा दिवसांचा दाबून ठेवलेला आवाज एकदम सुटला. सोळाचा पाढा झाला, नद्या झाल्या, शिवाजी महाराजांचे किल्ले झाले. शिपाई घंटेची हातोडी हातात घेऊन धावत आला. रस्त्यानं जाणारे दोघे बैलगाडी थांबवून खिडकीत उभे राहिले, त्यांतल्या एकानं एका किल्ल्याचं उत्तरही दिलं. साहेब मिशांतल्या मिशांत हसत होते. जाताना त्यांनी शेरेबुकात लिहिलं, ‘मुले धीटपणे व स्पष्ट बोलतात. यामागे शिक्षिकेचे परिश्रम दिसतात.’ ऑर्डर वाढली ती या शेऱ्यावर.

साहेब फाट्याकडं गेले तशी मी शेवटच्या बाकाशी गेले. “तुला कसं कळलं गं?”

पोरगी मान खाली घालून म्हणाली, “आमच्या आज्ज्यागत मान वाकडी करत हुतं की साहेब. एकच कान म्होरं आणत हुतं. आज्जाबी कान गेल्यालं कुणाला सांगत न्हाय.” मग तिनं हळूच वर बघितलं. “पर बाई, म्या शपथ मोडली. आता तुमचं लगीन व्हतंय काय?”

मला माझीच लाज वाटली. शिकलेली बाई मी, आणि माणसाकडं नीट बघितलं ते या पोरीनं. जिच्या आवाजाला मी नाव ठेवलं, तिनं त्याच आवाजानं माझी नोकरी वाचवली होती, आणि वर माझीच काळजी करत होती.

“त्या दिवशी मी तुला भोंगा म्हणाले,” मी म्हटलं. “चुकलं माझं.” शब्द बाहेर पडले ते कसेबसे, अगदी हळू.

पुढच्या बाकावरून तो आगाऊ पोरगा ओरडला, “बाई, ऐकाय आलं न्हाय!”

मी रागानं वळले. पण सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता आणि कुणीच हसत नव्हतं. तिला भोंगा म्हटलं होतं ते सगळ्यांदेखत, आणि वर मीही हसले होते. मग मी फळ्याशी जाऊन उभी राहिले, दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले, आणि पेठेतला होता नव्हता तेवढा आवाज काढला.

“चुकलंऽऽ माझंऽऽ!”

हेडमास्तर धावत दारात आले. “अहो बाई, दिपोटी अजून फाट्यावर आहेत!”

त्यांच्याकडं कुणी बघितलंच नाही. शेवटच्या बाकावरची पोरगी उभी राहिली होती. तिनं डोळे पुसले, तळवे तोंडाशी नेले आणि उलट हाळी दिली, “असू द्याऽऽ की बाईऽऽ!”