अकरा पावलांची भिंत

अन्याय माझ्या वडलांवर झाला. या जूनच्या पहिल्या रविवारी, दुपारी अडीच वाजता, काकाची गाडी आमच्या अंगणातून निघाली तेव्हा. गाडी मोकळी गेली. येताना टपावर बांधून आणलेला सोफा आमच्याकडे राहिला, आणि राहिला तो नेमका त्या भिंतीला लागून.

भिंतीचं आधी सांगते. गेल्या वर्षी बाबांना झटका आला आणि डावी बाजू गेली. हात अजून लोंबतो, पाय थोडाफार ऐकतो. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलंय की उजव्या हाताने भिंत धरून रोज चालायचं. खंड पडला तर पाय आखडेल, आणि एकदा आखडला की मग कठीण आहे. उन्हाळाभर बाबा अंगणात दगडी गडग्याला धरून चालले. पावसात अंगण शेवाळतं, तिथे धडधाकट माणूस घसरतो. म्हणजे चार महिने चालायचं ते घरातच. आणि आमच्या घरात मध्ये दार-खिडकी नसलेली सलग भिंत एकच आहे, बाबांच्या खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत. जाताना भिंत, येताना आईचा खांदा. अकरा पावलं.

त्या भिंतीला काकाचा सोफा. त्याच्या शेजारी आत्याची शोकेस, काचा नसलेली. मग धाकट्या काकाची व्यायामाची सायकल, जिच्यावर कुणीही कधी व्यायाम केला नाही. चाकं तुटलेल्या तीन बॅगा. एक जाडा टीव्ही. पडद्यांची दोन गाठोडी.

आमचं घर चार भावंडांचं, सामाईक. बाबा गावात राहिले, बाकीचे मुंबईला आणि पनवेलला गेले. बुद्धपौर्णिमेला सगळे येतात, मुलांची शाळा सुरू होईपर्यंत राहतात. येण्याआधी आपापली घरं आवरतात, आणि जे नको झालंय ते गाडीत घालून मांडव्याच्या बोटीने आणतात. गावाला उपयोगी पडेल, म्हणतात. माझ्या गावात घंटागाडी येत नाही. एक तर जाळायचं, नाही तर खाडीत. खाडीत टाकू नका म्हणून मुरुडच्या एसटी स्टँडवर पत्रकं वाटते ती मीच. त्यामुळे जे आलं ते घरात बसतं.

आणि ही माणसं वस्तू देऊन टाकत नाहीत, ठेवतात. यातला फरक आमच्याकडे पोरासोरांनाही कळतो. दिलेली वस्तू आपली. ठेवलेल्या वस्तूला मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

म्हणून मी विचारलं. प्रत्येक वस्तूचा फोटो काढला, त्यावर आकडा घातला, घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं की बाबांना चालायला भिंत हवी आहे, पाऊस तोंडावर आहे, शुक्रवारपर्यंत आपली वस्तू घेऊन जा किंवा भंगारात घालायला परवानगी द्या. मला वाटलं, इतकं सरळ लिहिलंय, कुणाला काय बोलायला जागा आहे?

काकाने लिहिलं, शोकेस टाकून दे, नुसती जागा अडवते. आत्याने लिहिलं, सोफा कशाला हवाय गावात, वाळवी लागेल. धाकट्या काकूने सायकलच्या फोटोखाली लाल बदाम टाकला. आपल्या वस्तूबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

शनिवारी मी शेजारच्या दोघांना हाताशी धरलं आणि सगळं ओटीवर काढलं. वर प्लास्टिक घातलं. भंगारवाला मंगळवारी येणार होता. आई दोनदा म्हणाली, नको गो, विचारतील. पण झाडू मारायला तीच पुढे झाली. भिंतीवर शोकेसच्या मागे गेल्या पावसातल्या ओलीचा काळा पट्टा उमटला होता. तो पुसला.

संध्याकाळी बाबा चालले. तळहात भिंतीवर सपाट ठेवून, चार पावलांवर थांबून, मग सात, मग दारापर्यंत. दाराची चौकट धरून उभे राहिले आणि आईला म्हणाले, "चाय टाक. मी हितंच पितो, उभ्यानं." आम्ही तिघं हसलो. त्या दिवशी मला वाटलं की जमलं.

रविवारी सकाळी आत्याचा फोन आला. ओटीवरच्या ढिगाचा फोटो कुणी तरी तिला पाठवला होता. फोन बाबांनी घेतला, स्पीकरवर, कारण एका हाताने तेवढंच जमतं. आत्याचा आवाज चढला नव्हता.

"दादा, आज आमचं सामान टोचलं. उद्या आम्ही टोचू."

फोन बंद झाल्यावर बाबांनी मला हाक मारली. म्हणाले, सगळं आत घे.

मी वाद घातला. पायाचं बोलले, बाईंनी काय सांगितलं ते बोलले, हक्काचंही बोलले. मला पत्रकासारखंच बोलता येतं. बाबांनी ऐकून घेतलं. मग समोरच्या घराकडे बोट केलं. समोरच्यांनी भावाचं कपाट भंगारात घातलं होतं, ते मलाही आठवत होतं. पुढच्या मेमध्ये तो भाऊ आला, पण मुरुडला लॉजवर उतरला. तासभर समोर खुर्चीत बसला, बायकोने पदर सावरत चहा घेतला, आणि गेले. त्यानंतर नाहीच आला.

"सामान गेलं का मानूस लॉजवर उतरतो, बाय," बाबा म्हणाले. "माजी तीन भावंडं हायेत. मला ती हितं झोपाया पायजेत."

"आणि पाय?"

"पायाचं बघू."

कचऱ्यावरून मी पंचायतीत भांडते, लॉजवाल्यांशी भांडते, पण ज्याच्यावर अन्याय झालाय तोच म्हणतो आत घे, तेव्हा भांडायचं कुणाशी? सोफा मीच उचलून आत ठेवला. सायकलही. आईने पडद्यांची गाठोडी आणली. बाबा खाटेवर बसून कुठली वस्तू कुठे होती ते सांगत होते, जागा चुकू नये म्हणून.

आता पाऊस लागलाय. बाबा खाटेच्या कडेला बसून पाय वर-खाली करतात. वीस वेळा करायचा असतो, बाराव्याला दमतात. गेल्या आठवड्यात बाईंनी टाच दाबून पाहिली आणि विचारलं, चालवता ना यांना? मी सांगितलं, जागा नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी खोटं बोलतेय.

तुम्ही हे मुंबईत, ठाण्यात, पनवेलला वाचत असाल, आणि तुमचंही काही गावच्या घरी ठेवलेलं असेल. पत्रक वाटताना मी लोकांना विचार करा म्हणते. तुम्हाला तसं म्हणणार नाही. आत्ता गावी फोन लावा. घरात जो राहतो त्याच्याशीच बोला. त्याला सांगा, माझं सामान काढून टाक, आणि पुढच्या मेमध्ये मी येणार आहे, तुझ्याच घरी झोपणार आहे. दोन्ही सांगा. पहिलं एकटं सांगून उपयोग नाही.