सबीनाच्या कॅसेट

सबीना एकोणिसाव्या वर्षी आयर्लंडमधलं कॉनेमारा सोडून अमेरिकेत बोस्टनला गेली आणि अडतीस वर्षं एका हॉटेलात चादरी बदलत राहिली. इंग्रजी कामापुरतं. मनातलं सगळं आयरिशमध्ये, तेही कवितेत. लिहायचा तिला भारी कंटाळा. पलंग आवरता आवरता ओळी जुळवायच्या, रविवारी टेपवर म्हणायच्या आणि कॅसेट गावी धाकट्या बहिणीला, पेगला धाडायची. "रडवलंस गं बाई सगळ्यांना," असं पेगचं उत्तर यायचं. त्यावर सबीनाचा महिना निघायचा.

पेग वारल्याचं कळलं तशी ती बोस्टनची खोली सोडून कायमची गावी परत आली. पेगचा मुलगा फेस्टी तिला घरी घेऊन आला. कोट काढायच्या आधीच तिने कॅसेटचं विचारलं. त्याने पलंगाखालून बिस्किटांचा डबा ओढला. प्रत्येक कॅसेटवर पेगच्या अक्षरात तारीख. सबीनाने एक लावली, तर फुटबॉलचं समालोचन. दुसरीत रेडिओवरची गाणी. सगळ्यांत तेच.

"लहान होतो गं मावशी, त्यांच्यावरच टेप करायचो. पुढे सवयच पडली. कोऱ्या कॅसेट मिळायच्या कुठे? आईने झोडपलं होतं मला."

"मग मला कळवलं का नाही तिने?"

"तू पाठवायची थांबशील म्हणून."

सबीना आठवत बसली. एवढ्यांतली एकच कविता पुरती आठवली, आईच्या हातांना येणाऱ्या शेवाळाच्या वासाची. नोव्हेंबरात गावच्या पबमध्ये कवींची बैठक भरली, तिथे तिने ती म्हटली. टाळ्या पडल्या. शेकोटीजवळचा एक म्हातारा कौतुकाने ओरडला, "अमेरिकन बाईंचं आयरिश झकास आहे की! कुठे शिकलात हो?"

सगळे हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं.

"इथेच," ती म्हणाली. "त्या चढावरच्या घरात." तिने वडिलांचं नाव सांगितलं.

म्हाताऱ्याने डोळे मिटून खूप आठवून पाहिलं. "नाही बुवा लक्षात येत," तो म्हणाला आणि तिच्यासाठी ग्लास मागवला.

बोस्टनला ती अडतीस वर्षं 'ती आयरिश बाई' होती. ग्लास तसाच ठेवून ती उठली.

पुढच्या वर्षीही बोलावणं आलं. घसा बसलाय, असं तिने कळवलं. फेस्टीची पोरं तिने आयरिशमध्ये विचारलेल्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायची. काही दिवसांनी तीही प्रश्न इंग्रजीतच विचारू लागली.