भाग्याचा डोळा

माझ्या भाचीचा डावा डोळा अधूनमधून बाहेरच्या बाजूला सरकतो. संध्याकाळी, तापात, टीव्हीसमोर पेंगताना. शेवगावकडच्या आमच्या गावात याला भाग्य म्हणतात. भाग्य! पोरगी झाली त्या वर्षी ताईच्या बोअरला पाणी लागलं, ते या डोळ्यामुळंच, असं अख्खी भावकी धरून बसलेली. भूजलावरची पत्रकं मी तालुकाभर वाटली, पण सख्ख्या बहिणीला पटवता आलं नाही.

"डोळा सरळ केला आन् पानी गेलं, तर तू आननार हायेस का?"

"पोरीचा डोळा आहे ताई, पाणी शोधणाऱ्या पाणाड्याचा नारळ नाही!"

"भाषण नगं. जेव."

शेवटी दोघींना ओढत नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. ताईनं पोरीला एसटीत मांडीवर झोपवलं, उतरल्यावर तोंड धुऊन पावडर लावली आणि बजावलं, "बाईंपुढं नीट बघायचं." पोरगी नीट बघत होती. डोळा अगदी सरळ! ताई माझ्याकडं बघून हसली. मी नुसती धुमसत होते.

डॉक्टरीणबाईंनी मात्र तो डोळा जरा वेळ झाकून ठेवला आणि मग हात काढला. डोळा बाहेर गेलेला होता. सावकाश जागेवर आला.

"सरळ ठेवायला तिला जोर लावावा लागतो. दमली की सुटतो."

ताईचं हसू मावळलं. "म्हंजी उसाची मोळी डोक्यावर धरून उभं ऱ्हायल्यावानी?"

"तसंच."

ती पोरीकडं वळली. "दुकतं का गं?"

"दुकतं की. पर तूच म्हनली नीट बघ."

चांगल्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी, दिवाळीनंतर तपासणी, नाहीच सुधारलं तर ऑपरेशन, असं ठरलं. दिवाळीनंतर म्हणजे ताई ऊसतोडीला गेलेली असणार. फडावरच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत कुठला डॉक्टर येतो, हे मी पत्रकांतून ओरडून विचारत आलेय. आता ताईशीही भांडायच्या तयारीत होते, तर तीच आधी बोलली.

"यंदा ही माझ्यासंगं येत न्हाई. तुझ्याकडं ऱ्हाईल. पट्टी चुकवलीस तर बघ."

"आणि बोअरचं पाणी?"

"जाऊ दे तिकडं."

परतीच्या एसटीत पोरगी पार दमली होती, तरी आईकडं बघत डोळा सरळ धरून बसलेली. ताईनं तिच्या कपाळावर हात ठेवला.

"सोड गं बाय. आता कुनाला दाखवायचं न्हाई."

डोळा हळूच बाहेर गेला. ताईनं हात काढला नाही.