जळगावची परवानगी

आई पोलिसांत होती. परदेशी नागरिकांची नोंद ठेवायचं काम तिच्याकडे होतं. नाशिकरोडला आमच्या इमारतीत तळमजल्यावर पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेलं एक कुटुंब राहायचं. तिकडे राहणं अशक्य झालं म्हणून घरदार टाकून आलेलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाईंना सगळे अम्मा म्हणत. नागरिकत्व मिळेपर्यंत त्यांना परवानगीशिवाय नाशिकबाहेर जाता येत नव्हतं.

एका रविवारी सकाळी अम्मा रडतच वर आल्या. जळगावला त्यांचा भाऊ अत्यवस्थ होता. तो फार आधी इकडे आलेला, त्यामुळे दोघांची कितीतरी वर्षांत भेट नव्हती.

"बेटी, आज दफ्तर बंद है. मैं चुपचाप होके आती हूँ."

"नाही अम्मा, असं जाता येणार नाही," आई म्हणाली.

मी तेव्हा कॉलेजात होते. मला राग आवरेना. "एक म्हातारी भावाला भेटली तर देशाचं काय बिघडणार आहे?"

आईनं गॅस बंद केला. "त्यांचंच बिघडेल. वाटेत कुणी तपासलं तर नागरिकत्वाचा अर्ज अडकेल. आणि आज ओळखीच्या बाईला सोडलं, तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडानं अडवू? कोण येतं, कुठे राहतं, हे कळायला नको?"

एवढं बोलून तिनं गणवेश चढवला आणि स्कूटरवरून थेट साहेबांचं घर गाठलं. दुपारच्या आत ती मंगळवारपर्यंतची परवानगी घेऊन आली. आल्या आल्या तिनं स्वतःची पिशवी भरली.

"तू कुठे निघालीस?"

"परवानगी एकट्या अम्मांची आहे आणि त्यांना आपली लिपी वाचता येत नाही. स्टेशन कसं कळणार?"

मीही गेले. जळगावला उतरल्यावर आईनं आधी पोलीस ठाण्यात अम्मांची नोंद केली, मगच आम्ही त्यांच्या भावाच्या घरी पोचलो. भावानं डोळे उघडले, बहिणीकडे टक लावून पाहिलं आणि सिंधीत काहीतरी पुटपुटला. अम्मा रडता रडता हसायला लागल्या. "कहता है, कितनी बूढ़ी हो गई तू!"

मंगळवारी निघताना अम्मांचा हात भावाच्या हातातून सुटेना. आईनं घाई केली नाही, पण गाडी चुकूही दिली नाही. त्याच आठवड्यात भाऊ गेला. आई रोज संध्याकाळी अम्मांजवळ जाऊन बसायची.

पुढे अम्मांना नागरिकत्व मिळालं. त्यांनी आईला जेवायला बोलावलं, तेही गणवेशातच यायचं असं सांगून. पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत तिला मानाच्या जागी बसवलं. मी मुद्दाम तिच्या शेजारी जाऊन बसले. ही माझी आई आहे, हे सगळ्यांना दिसायला हवं होतं.