ऐंशी युनिटची बाटली
लसीच्या रांगेत स्पिरिटचा वास आला आणि वसईतलं ते छोटं हॉस्पिटल आठवलं. घरातला पहिला पदवीधर झालेला मी तिथल्या औषधांच्या दुकानात नुकताच लागलो होतो. पाचूबंदरची एक कोळीण मधुमेहासाठी दाखल होती. एका सकाळी तिच्या इन्सुलिनची, मिलीलिटरला चाळीस युनिटची बाटली संपली, म्हणून मी दुप्पट तीव्रतेची, ऐंशीची पाठवली. वॉर्डात सांगायला मात्र गेलो नाही. सिस्टरनी रोजच्याच खुणेपर्यंत सिरिंज भरली, म्हणजे इन्सुलिन दुप्पट गेलं. दुपारी साखर उतरून कोळीण घामाने थबथबली आणि बेशुद्ध पडली. डॉक्टरांनी ग्लुकोज चढवलं, पण ती गेली. "बाटली बदललीस तर एक हाक मारायची ना रे, बाळा," सिस्टर म्हणाल्या. "लेबल तुम्ही वाचायचं होतं," डॉक्टर म्हणाले. सिस्टर उसळल्या, "आणि तुम्ही कागदावर नुसतं 'नेहमीप्रमाणे' लिहिलंत!" एवढ्यात कोळणीची मुलगी पेजेचा डबा घेऊन आली. रडून झाल्यावर तिने आम्हा तिघांना हात जोडले. "तुमी लय केलंत. देवाच्याच मनात नव्हतं." आमचं भांडण तिथेच थांबलं, पण खरं काय झालं ते तिला तिघांपैकी कुणीच सांगितलं नाही. पुढे सिस्टर वारल्या, डॉक्टरही वारले. आता खरं सांगू शकणारा मी एकटाच उरलोय, आणि ती मुलगी कुठे राहते हे मला ठाऊक आहे.