दोन काय?

"दोन काय?"

हा प्रश्न मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ऐकला. किती राहिले, असं मॅडमनी विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं, दोन. त्यांनी मान वर केली, चष्मा नाकावर खाली ओढला आणि शांतपणे विचारलं, "दोन काय? दोन रिपोर्ट, दोन तास, की दोन माणसं?" मला वाटलं, बाई थट्टा करताहेत. मी हसलो. त्या हसल्या नाहीत, उत्तराची वाट बघत तशाच बसून राहिल्या. शेवटी मी ओशाळून "दोन रिपोर्ट" म्हटलं, तेव्हा कुठे "हां" म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्याशी साधं बोलायचं तरी आधी मनातल्या मनात वाक्य तपासून घ्यावं लागतं. अशी माणसं डोकं उठवतात. पुढे ती नसली की वेगळ्या तऱ्हेने उठवतात, आणि ते जास्त वाईट.

आमचं ऑफिस नौपाड्यात, एका डोळ्यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. जिन्यात कायम औषध घालून डोळे मिटून बसलेली माणसं. त्यांचे पाय चुकवत वर जायचं. पॅथॉलॉजी लॅबना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. रक्ताचा नमुना आला, त्याला नंबर दिला, तपासणी झाली, रिपोर्ट छापला, असा सगळा प्रकार. मॅडम तिथे सगळ्यांत सीनिअर होत्या. पंचेचाळिशीच्या, डोंबिवलीला मानपाड्यात भावाच्या कुटुंबासोबत राहणाऱ्या. घरचा फोन आला की "जय भीम" म्हणायच्या आणि पुढच्याच श्वासात "हां, बोल, नेमकं काय झालंय?"

नोकरीबाहेर त्यांनी दोन लायब्ऱ्या लिहिल्या होत्या. दोन काय, तेही सांगतो, नाहीतर त्यांनी मला सोडलं नसतं. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची नव्हे, दुसऱ्या प्रोग्रामरला आपल्या कामात आयता जोडता येईल असा कोडचा तुकडा. पहिली लायब्ररी तपासणीची. जिथे तारीख यायला हवी तिथे तारीखच आलीय का, जिथे नाव हवं तिथे नावच आहे का, एवढंच ती बघायची आणि नसेल तर तिथल्या तिथे काम थांबवायची. दुसरी अनोळखी डेटाबेसमध्ये डोकावून आत कोणते तक्ते आहेत, कुठल्या रकान्यात काय ठेवलंय ते सांगायची. आतलं काहीही हलवायची नाही. दोन्ही त्यांनी इंटरनेटवर मोकळ्या ठेवल्या होत्या. कुणीही या, आत काय लिहिलंय ते वाचा, न्या, वापरा. पैसे नकोत, परवानगी नको. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं त्या वापरत होती आणि आमच्या खालच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला वाटायचं, वरच्या मॅडम टायपिंग करतात.

स्वतःही त्या तशाच होत्या. एकदा कल्याणच्या एका लॅबमध्ये सगळं बंद पडलं म्हणून आम्ही दोघं गेलेलो. बाहेर उपाशीपोटी आलेले पेशंट वैतागलेले. आत मॅडम दोन्ही हात पाठीमागे बांधून स्क्रीनसमोर उभ्या. कीबोर्डला बोट लावायला तयार नाहीत.

"मॅडम, काहीतरी करा ना," लॅबमधला टेक्निशियन रडकुंडीला आलेला. "लोक मला खातील."

"करतेय ना. बघतेय."

"बघून काय होणारे?"

"न बघता हात लावला म्हणूनच झालंय हे. सकाळी कोणी लावला?"

टेक्निशियनने हळूच हात वर केला. सकाळी त्यानेच लावला होता. त्या दिवसापासून तो मॅडमचा भक्त झाला.

नौपाड्यातल्या फरसाणवाल्याला मात्र त्या नको व्हायच्या. "ताजं आहे," तो म्हणायचा. "ताजं म्हणजे कधीचं?" "सकाळचं, ताई." "कुठल्या सकाळचं?" मागे रांग लागायची, मी तोंड चुकवून रस्त्यावरच्या रिक्षा बघत उभा राहायचो.

लायब्ररीचं इंटरनेटवर एक पान असतं. तिथे कुणीही तक्रार लिहावी, ती साऱ्या जगाला दिसते. मॅडम जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने उघडत ते पान वाचायच्या. काय एकेक भाषा! तुमच्यामुळे माझा दिवस फुकट गेला, एवढं साधं जमत नसेल तर बंद करा हा उद्योग. फुकटात मिळालेल्या वस्तूवर माणूस इतका हक्क कसा सांगू शकतो, हे मला आजवर कळलेलं नाही. मॅडम प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. कळवल्याबद्दल आभार, चूक दिसेल असा सगळ्यात छोटा नमुना पाठवाल का?

"मॅडम, तो शिव्या देतोय तुम्हाला."

"शिवी सोड रे. खाली एक ओळ कामाची आहे बघ."

माझं रक्त उसळायचं आणि त्या भेंडीची भाजी पुढे करायच्या.

आमच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येही त्यांचीच तपासणीची लायब्ररी होती. मालकांना, म्हणजे आमच्या सरांना, ती डोकेदुखी वाटे. लॅबमधल्या मुली घाईत काहीतरी वेडंवाकडं टाइप करत, लायब्ररी काम थांबवे आणि फोन सरांना येई. एक दिवस सर मॅडमच्या टेबलाशी आले. "जरा ढिली करा ना ती तुमची. चुकीचं आलं तर समजून घ्यायचं, पुढे जायचं."

"समजून काय घ्यायचं, सर? तिला अंदाज करायला लावायचा?"

"आपल्यापुरतं हो."

"इथे थांबतं म्हणून तर बरं आहे. पुढे जाऊन चुकलं तर कळणारसुद्धा नाही."

सरांनी मान डोलावली आणि बाहेरच्या एका कंत्राटदाराकडून त्या लायब्ररीची ढिली प्रत करून घेतली. मोकळ्या वस्तूची प्रत कुणालाही करता येते, त्यात बेकायदा काही नाही. पण त्या महाभागाने आत बदल केले आणि नाव तसंच ठेवलं. मॅडमच्या लायब्ररीचं नाव, मॅडमचं स्वतःचं नाव, सगळं वर जसंच्या तसं. आमच्या धंद्यात हे नेहमी होतं. आतलं घर पाडतात आणि दारावरची पाटी काढायला विसरतात.

पुढे जे झालं ते एका शून्यामुळे झालं. कल्याणच्या त्याच लॅबची एक शाखा होती. मुख्य लॅबच्या नमुन्यांचे नंबर शून्याने सुरू व्हायचे, शाखेचे बिनशून्याचे. ढिल्या प्रतीला वाटलं, आकडाच आहे, पुढचं शून्य कशाला. तिने ते शून्य टाकून दिलं आणि दोन वेगळ्या माणसांचा नंबर एकच झाला. मॅडमच्या मूळ लायब्ररीने, नमुन्याचा नंबर हवा तिथे नुसता आकडा आलाय म्हणून, तिथेच काम थांबवलं असतं. इथे काही थांबलं नाही. एका आजींच्या हातात दुसऱ्याच कुणाचा साखरेचा रिपोर्ट पडला, डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि आजी घरात चक्कर येऊन पडल्या. नशिबाने हाड मोडलं नाही.

लॅबने जाब विचारला. सरांनी उत्तर दिलं की दोष आमचा नाही, बाहेरून घेतलेल्या मोफत लायब्ररीचा आहे. मग मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, आम्ही सगळे कीबोर्डवर हात ठेवून ऐकत होतो.

"तुमच्या पानावर फक्त एवढं टाका, की दोष होता, दुरुस्त केला. क्लायंट सांभाळायचाय, मॅडम. तुमचं काय जातंय? लोक रोज चुका मान्य करतात."

"असलेली चूक मी रोजच मान्य करते, सर. ही नाहीच आहे. नसलेली आहे म्हणून कशी लिहू?"

"कोण बघायला जातंय?"

"मी बघितलंय ना."

त्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "त्या शून्याचं आधी बघ. बाकी राहू दे." मी ते दुरुस्त केलं. सरांना ते आवडलं नाही, पण माझ्याशिवाय ते काम कुणाला येत नव्हतं म्हणून बोलले नाहीत.

तोवर बाहेर गवगवा झाला होता. कुणीतरी लायब्ररीच्या पानावर लिहिलं, हिच्यामुळे एक पेशंट पडली. मग काय, रांग लागली. ज्यांनी वर्षानुवर्षं ती फुकट वापरली, ते आता नीती शिकवायला लागले. आम्ही ही काढून टाकतोय, तुम्हीही काढा. मॅडमनी एकदाच उत्तर दिलं की लायब्ररीत असा बदल झालेला नाही, कोड उघडा आहे, वाचून बघा. कुणी बघितलं नाही. मीही माझ्या नावाने लिहिलं. खाली लगेच प्रश्न आला, पुरावा? कंपनीची ढिली प्रत कंपनीच्या कपाटात बंद, ती बाहेर कशी दाखवणार? मी दात ओठ खात बसलो.

आणि एका दुपारी पुरावा आला. कल्याणच्या त्या टेक्निशियनने, मॅडमच्या भक्ताने, मूळ लायब्ररी आपल्या संगणकावर लावून बघितली होती. तिथे काम थांबत होतं आणि कंपनीने दिलेल्या प्रतीत शून्य उडत होतं. त्याने दोन्ही स्क्रीनचे फोटो पानावर टाकले आणि खाली लिहिलं, दोष या बाईंचा नाही. मी खुर्चीवरून उडालो. सगळ्यांना बोलावलं, या, बघा, बघा आता! सरांच्या केबिनकडे मुद्दाम मोठ्याने बोललो. सगळे जमले तसं मी पान पुन्हा उघडलं.

मजकूर नव्हता. फोटो नव्हते. पान मॅडमचंच होतं, त्यांनीच सगळं काढून टाकलं होतं.

मी जिन्यात जाऊन फोन लावला. डोळे मिटून बसलेली माणसं माझा आवाज ऐकून दचकली असतील.

"मॅडम, काय केलंत हे?"

"अरे, फोटोत त्या आजींचं नाव होतं. वय होतं, साखर होती. सगळ्या जगाला दिसत होतं ते."

"पण तुमच्यावरचा आळ जात होता त्यात!"

"त्यांना विचारलेलं का कोणी?"

"मग नाव खोडून परत टाका ना!"

"फोटो त्याचे आहेत, त्यानेच टाकायला हवेत. मी लगेच फोन केलेला त्याला. तेवढ्यात त्याच्या मालकाने त्याला झापलेलं. रडत होता बिचारा. नोकरी जाईल म्हणतो. जाऊ दे."

"काय जाऊ दे? तुम्ही काय संत आहात?" मी ओरडलो. असा मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो.

पलीकडे त्यांनी चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "वाईट वाटतं रे. खूप वाईट वाटतं. पण म्हणून त्या बाईंची साखर चव्हाट्यावर टाकू का मी?"

त्यानंतर महिन्याभरात दोन्ही लायब्ऱ्या त्यांनी बंद केल्या. म्हणजे पान आहे, वाचता येतं, पण तिथे आता काही लिहिता येत नाही. त्या शिळफाट्याकडच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत लागल्या. "तिथे काय करता?" मी विचारलं. "आलेल्या गाड्या लिहून ठेवते," म्हणाल्या. आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर आजही चालतं, आता त्यांच्या मूळ लायब्ररीवर. सरांनी मला गुपचूप तीच परत लावायला सांगितली. मला अजूनही राग येतो. सरांचा येतो, त्या पानावर लिहिणाऱ्यांचा येतो आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मॅडमचा येतो. दुसरं कुणी असतं तर सुटलं असतं.

परवा कल्याणच्या त्या लॅबमध्ये नवा प्रिंटर जोडायला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीने एक नाव पुकारलं आणि माझा हात थांबला. त्या फोटोंमधलं ते नाव मला पाठ होतं. बाकावरून एक आजी सुनेचा हात धरून उठल्या. रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला.

"किती आलीय गं साखर?" त्यांनी सुनेला विचारलं.

"हळू बोला ना आई," सून इकडेतिकडे बघत म्हणाली. "लोक ऐकतायत."

आजींनी रिपोर्टची घडी घातली, पदराखाली धरली आणि दोघी रिक्षाच्या रांगेकडे गेल्या. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही.