चाळीस पावलं मागे

अकोल्यात मी टिकलो तो आमच्या घरमालकांमुळे, आणि अकोल्यात मला वेड लागायची पाळी आली तीही त्यांच्यामुळेच. सातवीत शाळा सोडून मी कोकणातून इथल्या कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत आलो, तेव्हा अनोळखी माणसाला जागा द्यायला फक्त हेच तयार झाले. जागा म्हणजे अंगणातली पत्र्याची शेड. अर्ध्या शेडीत मी, अर्धीत त्यांचा संसार: पुठ्ठ्याची देवळं, तुपाच्या डब्याचं इंजिन, आगकाड्यांचे पूल. सगळं वीतभर उंचीचं, पण फोटोत खऱ्याएवढं दिसलं पाहिजे हा हट्ट. त्यापायी मालकीणकाकूंची सुपारीची डबी पाण्याची टाकी झाली आणि पिठाची चाळणी माती चाळायला गेली. एरवी साधं ढेकूळ फोटोत धोंड्याएवढं दिसतं म्हणे. डिंक वाळेपर्यंत मला शिंकायची बंदी. एकदा बडनेऱ्याला रुळांजवळ नेऊन काढलेला इंजिनाचा फोटो पाहून एका पेन्शनर गार्डाने विचारलं, हे कोणत्या लोको शेडचं? तो प्रश्न मालकांनी आठवडाभर साऱ्या मोहल्ल्याला ऐकवला. मला तीनदा.

माणसांचे फोटो मात्र ते काढत नसत. म्हणायचे, "तोंडात काय पाहाचं? ते तं देवानं केलेलंच रायते."

होळीच्या सुमारास थोरल्या भावाचं पत्र आलं. ओटी असलेलं कौलारू घर मिळालंय, असं मी घरी लिहून बसलो होतो. आईचा विश्वास बसेना. घराचा फोटो धाड, नाहीतर मी येऊन तुला घेऊन जातो, असं भावाने बजावलं होतं. मी रडतरडत पत्र मालकांना वाचून दाखवलं. मालकांचा चेहरा फुलला.

"काहून रडून राहिला बे कोकण्या? घर बांधू."

पंधरा दिवसांत बांधलं. ओटी, तुळस, पुठ्ठ्याची कौलं. रविवारी टळटळीत उन्हात फॅक्टरीमागच्या मैदानात त्यांनी ते कॅमेऱ्यासमोर फळीवर मांडलं आणि मला चाळीस पावलं मागे पिटाळलं, म्हणजे मी ओटीच्या खांबाला टेकून उभा असल्यासारखा दिसेन. खांब दिसत होता त्यांना. मी दीड तास हवेवर हात टेकवून उभा.

"खाले घे हात. आता तं कौलाले लावला." मग लांबून पुन्हा ओरडले, "थांब, ओटीवर मुंगळा चढला. म्हशीएवढा दिसन."

फोटो असा उतरला की मलाच वाटलं, आपण इथे राहतो. धाडला. आईने मास्तरांकडून उत्तर लिहवून घेतलं: "घर बरं आहे. पण तू एवढासा दिसतोस. तोंड काही दिसत नाही. जेवतोस ना?"

मी ते वाचून दाखवलं. वाटलं, कौलांचं कौतुक नाही म्हणून आता हे रुसणार. पण मालकांनी कॅमेऱ्याची काच पुसली. मग त्यांनी शेडीच्या दाराशी स्टूल मांडून मला बसवलं आणि कॅमेरा घेऊन इतके जवळ आले की त्यांच्या तंबाखूचा वास यायला लागला. मागचा पत्रा दिसेल, मी कुजबुजलो.

"दिसू दे. तू हालू नको."

भाऊ आला नाही. आईच्या पुढच्या पत्रात पत्र्याबद्दल अक्षर नव्हतं. गालावर मांस आलंय, एवढंच होतं.

आता मालकांना कमी दिसतं, पुठ्ठ्याची कौलं वाकडी चिकटतात आणि दोष माझ्या श्वासाला मिळतो. त्यांचा स्वतःचा एकही फोटो घरात नाही. मी कॅमेरा शिकतोय. एक दिवस त्यांना त्याच स्टुलावर बसवीन, शिंकायची बंदी घालीन, आणि ती चाळीस पावलं चालून त्यांच्या अगदी जवळ येईन.